खाटेचा विमा आणि रोजची गोळी

आपल्याकडे आरोग्याची चर्चा निघाली की ती रुग्णालयाच्या खाटेपाशी येऊन थांबते. किती लाखांचे संरक्षण, किती शस्त्रक्रिया, किती कार्डे वाटली, हे आकडे सभासंमेलनांतून ऐकविले जातात. पण साठी ओलांडलेल्या कष्टकरी माणसाचे दुखणे बहुधा खाटेवरचे नसते. रक्तदाब, मधुमेह, दमा या दुखण्यांना सकाळ-संध्याकाळ गोळी लागते आणि ती मरेपर्यंत लागते. या गोळीचे पैसे कोणी द्यावयाचे, हा प्रश्न आपल्या चळवळीने अजून नीट हाती घेतलेला नाही.

प्रथम योजनांचे स्वरूप पाहू. 2012 साली राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. 2018 साली केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, वर्षाला 5 लाखांचे संरक्षण जाहीर झाले. हे पाऊल मोलाचेच आहे. तथापि त्याचा लाभ घ्यावयाचा तर रुग्णालयात दाखल व्हावे लागते. आयुष्मान योजनेत दाखल होण्यापूर्वीचे 3 दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे 15 दिवस औषधांचा खर्च धरला जातो. सोळाव्या दिवशी म्हातारा माणूस पुन्हा औषधाच्या दुकानापुढे उभा असतो, हातात चिठ्ठी आणि मुठीत मोजके पैसे घेऊन.

हे पैसे किती? श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेत 2023 साली वाढ होऊन महिना 1500 रुपये झाले. त्यातील केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धासाठी 2007 पासून 200 रुपयांवरच आहे. यात घरभाडे, रेशन, वीजबिल आणि उरलेच तर औषध. आमच्या डोंबिवलीत वस्तीतल्या माणसाला संबंध पट्टी घेणे जमत नाही. कात्रीने कापून चार गोळ्या घेतल्या जातात. गोळी दिवसाआड घेणे, बरे वाटले की बंद करणे, नवऱ्याची गोळी बायकोने घेणे, हे सारे चालते. डॉक्टर याला अडाणीपणा म्हणतात. मला तो हिशेब वाटतो. रक्तदाबाची गोळी चुकली म्हणून त्याच दिवशी काही दुखत नाही. नातवाचा रिक्षाचा खर्च मात्र त्याच दिवशी द्यावा लागतो. पुढे कधीतरी पक्षाघात होतो, माणूस दाखल होतो आणि मग कार्ड चालते. पक्षाघात झाल्यावर शासन हजारो रुपये भरते. तो टाळणाऱ्या गोळीसाठी या कार्डावर छदाम नाही.

रोजच्या गोळीचा हक्क या देशात कोणालाच नाही असे मात्र नाही. कल्याणच्या रेल्वे रुग्णालयातून निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याला औषधे मिळतात. राज्य विमा योजनेतील कामगाराला बाह्यरुग्ण म्हणूनही औषध मिळते, आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही. या योजनेचा पाया ज्या अहवालाने घातला तो प्रा. अदारकरांचा अहवाल 1944 चा. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कायदा 1948 साली झाला; आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. किमान पाच वर्षे विमेदार राहून निवृत्त झालेल्याला वर्षाला 120 रुपये भरून पतिपत्नी दोघांसाठी औषधोपचार घेण्याची सोयही या योजनेत ठेवली गेली. निवृत्तीनंतर औषध मिळण्याचा हा मार्ग आपल्याच माणसांना ठाऊक नसतो, ही खेदाची गोष्ट आहे.

परंतु हा हक्क नोंदलेल्या कामाला चिकटलेला आहे. औद्योगिक वसाहतीत कायम असलेल्याला तो मिळतो. नाक्यावर उभा राहणारा, कचरा वेचणारी, चार घरची धुणीभांडी करणारी, यांना नाही. कोणाच्या वाट्याला कोणते काम यावे हे या समाजात जातीने ठरविले आणि कोणत्या कामामागे औषध यावे हे कामाने ठरविले. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्राने 2008 साली कायदा केला, पण त्यात लाभार्थी म्हणून नोंदणीचे वय 18 ते 60 ठेवले. ज्या वर्षी हातपाय थकून औषध सुरू व्हावयाचे, नेमक्या त्याच वर्षी बाई नोंदणीबाहेर!

आजन्म औषध सर्वांना फुकट देणे परवडणार नाही, असे सांगितले जाते. मग 1 एप्रिल 2004 पासून एचआयव्हीबाधितांना शासन रोजची औषधे मोफत देत आले ते कसे? क्षयाची, कुष्ठरोगाची औषधेही मोफतच आहेत. यामागे रुग्णांच्या संघटनांचा रेटा होता हे खरे. पण हे रोग एकाचे दुसऱ्याला होतात, हेही एक कारण होते. मधुमेह कोणाला स्पर्शाने होत नाही. वस्तीतला मधुमेह वस्तीतच राहतो, म्हणून त्याची भीती बंगल्यापर्यंत पोचत नाही.

ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, केसपेपरचे पैसेही गेले. मात्र डोंबिवलीचे शास्त्रीनगर आणि कल्याणचे रुक्मिणीबाई ही रुग्णालये महापालिकेची. तो निर्णय विभागाच्या संस्थांपुरता होता. शहरातला गरीब हा असा दोन कारभारांच्या मधल्या फटीत सापडतो. जनऔषधी दुकानांत औषध निम्म्याहून कमी दरात मिळते, ही सोय चांगली. पण स्वस्त म्हणजे मोफत नव्हे. शिवाय डॉक्टरांनी चिठ्ठीवर कंपनीचे नाव लिहिले तर त्याऐवजी दुसरे देण्याची दुकानदाराला कायद्याने मुभा नाही. डॉक्टरांनी मूळ नावानेच औषध लिहावे असा नियम ऑगस्ट 2023 मध्ये निघाला आणि त्याच महिन्यात स्थगित झाला.

तामिळनाडूने 1990 च्या दशकात औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ उभे केले. राजस्थानने 2 ऑक्टोबर 2011 पासून सरकारी दवाखान्यांत औषधे मोफत केली. ऑगस्ट 2021 पासून तर तामिळनाडूत रक्तदाब-मधुमेहाची औषधे रुग्णाच्या घरी पोचविण्याची योजना चालू झाली. ज्याला दवाखान्यापर्यंत चालवत नाही त्याचा विचार त्यात आधी झाला आहे.

आपल्या शहरातल्या कार्यकर्त्यांनी यापुढे कार्डाच्या शिबिराबरोबर आणखी एक काम करावे. पालिकेच्या दवाखान्यात जाऊन रक्तदाब, मधुमेह आणि दमा यांची कोणती औषधे आज शिल्लक आहेत आणि एका वेळी किती दिवसांची दिली जातात, हे लेखी विचारावे. आठ दिवसांची मिळत असतील तर तीस दिवसांची मागावीत. दर आठवड्याला रांगेत उभे राहण्यासाठी म्हातारीला सोबत लागते, आणि सोबत येणाऱ्या सुनेचा त्या दिवशीचा खाडा पडतो.