‘लाइक’ दिसला की उपमा झाली?

वाशीम जिल्ह्यात सोयाबीनची सोंगणी आणि पहिल्या सत्राची परीक्षा साधारण एकाच सुमारास येतात. घरात ‘भाव पडले’, ‘बाजार तापला’ अशी बोलणी चाललेली असतात आणि त्याच घरातल्या मुलापुढे इंग्रजीचा प्रश्न असतो : ‘फिगर ऑफ स्पीच’ ओळखा. भाव काही झाडावरून पडत नाही आणि बाजार चुलीवर तापत नाही. म्हणजे त्या मुलाच्या कानावर सकाळपासून रूपकेच पडत आहेत. तरी वहीत ‘मेटाफर’ हा शब्द आला की ते बिचकते.

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. शाळेत इतकी वर्षे इंग्रजी शिकूनही वाक्यरचना आणि अलंकार हे दोन विषय अनेक मुलांना पाठांतराचेच वाटतात. त्यामागे काही ठरलेले गैरसमज आहेत.

गैरसमज : ‘लाइक’ किंवा ‘अ‍ॅज’ आले की ‘सिमिली’.

वस्तुस्थिती : ही खूण अर्धीच खरी आहे. ‘तो वडिलांसारखा दिसतो’ या वाक्यात ‘सारखा’ आहे, पण त्याला कोणी उपमा म्हणणार नाही; दोन माणसांच्या चेहऱ्यांची ती साधी तुलना आहे. ‘राम इज अ‍ॅज टॉल अ‍ॅज श्याम’ हेही तसेच, उंचीचे माप. उपमेसाठी दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी लागतात : माणूस आणि सिंह, आवाज आणि मध. शिवाय ‘आय लाइक मँगोज’ मधला ‘लाइक’ म्हणजे आवडणे आणि ‘अ‍ॅज इट वॉज रेनिंग’ मधला ‘अ‍ॅज’ म्हणजे पाऊस पडत असल्यामुळे. शब्दावर बोट ठेवण्याआधी ‘कशाची तुलना कशाशी?’ हा एकच प्रश्न विचारला, तर निम्म्या चुका टळतात.

गैरसमज : पहिले अक्षर सारखे म्हणजे ‘अ‍ॅलिटरेशन’.

वस्तुस्थिती : अनुप्रास कानाचा असतो, डोळ्याचा नव्हे. ‘सिटी’ आणि ‘कॅट’ हे दोन्ही शब्द इंग्रजीत ‘सी’ने सुरू होतात, पण ध्वनी वेगळे. ‘नाइफ’ आणि ‘काइट’ यांचे पहिले अक्षर ‘के’, पण ‘नाइफ’मधला ‘के’ उच्चारलाच जात नाही. उलट ‘फोन’ ‘पी’ने सुरू होतो आणि ‘फॅन’ ‘एफ’ने, तरी त्यांचा अनुप्रास जुळतो. मराठी मुलांकडे इथे एक हुकमी साधन आहे : शंका आली की शब्द देवनागरीत लिहून पाहावा. ‘फोन, फॅन’ लिहिताच उत्तर समोर येते.

गैरसमज : मराठीतला कर्मणी प्रयोग म्हणजेच इंग्रजीतला ‘पॅसिव्ह व्हॉइस’.

वस्तुस्थिती : हा सर्वांत चिवट गोंधळ, आणि त्याला कारणही आहे. ‘रामाने आंबा खाल्ला’, ‘रामाने पोळी खाल्ली’ : क्रियापद कर्माप्रमाणे बदलले, म्हणून मराठी व्याकरणात हा कर्मणी प्रयोग. मुलगा तेच सूत्र इंग्रजीला लावतो आणि ‘राम एट अ मँगो’ला ‘पॅसिव्ह’ ठरवतो. प्रत्यक्षात ते सरळ ‘अ‍ॅक्टिव्ह’ वाक्य आहे. मराठीचा प्रयोग क्रियापद कोणाशी जुळते हे सांगतो. इंग्रजीचा ‘व्हॉइस’ वाक्याच्या कर्त्याच्या जागी कोण बसले हे सांगतो. ‘अ मँगो वॉज ईटन बाय राम’ याच्या जवळ जाणारे मराठी वाक्य ‘आंबा रामाकडून खाल्ला गेला’ असे होईल, आणि ते घरात कोणी बोलत नाही.

मग ‘पॅसिव्ह’ लागतो कशाला? करणारा माहीत नसतो किंवा महत्त्वाचा नसतो तेव्हा. ‘द रोड वॉज रिपेअर्ड’ म्हणताना रस्ता दुरुस्त झाला ही बातमी असते, कोणी केला ही नव्हे. हे कारण न सांगता केवळ ‘व्हॉइस बदला’ अशी वीस वाक्ये दिली, तर हाताला सराव होतो, समज येत नाही.

गैरसमज : वाक्याचे रूपांतर म्हणजे शब्दांची अदलाबदल, अर्थ तसाच राहतो.

वस्तुस्थिती : ‘व्हेरी’च्या जागी ‘टू’ टाकून पाहावा. ‘द टी इज व्हेरी हॉट’ म्हणजे चहा खूप गरम आहे. ‘द टी इज टू हॉट टू ड्रिंक’ म्हणजे इतका गरम की पिता येत नाही. त्या ‘टू’मध्ये नकार दडलेला असतो; म्हणून ‘टू’ काढला की ‘सो… दॅट’ बरोबर ‘कॅनॉट’ बाहेर येतो.

शब्दक्रमाचेही तसेच. ‘कुत्र्याने मांजराला पकडले’ आणि ‘मांजराला कुत्र्याने पकडले’ : क्रम बदलला, घटना तीच, कारण ‘ने’ आणि ‘ला’ आपापले काम चोख करतात. इंग्रजीत ते काम जागा करते. ‘द डॉग कॉट द कॅट’ उलटवले की मांजरानेच कुत्र्याला पकडले.

गैरसमज : घरची वऱ्हाडी इंग्रजीच्या आड येते.

वस्तुस्थिती : कधीकधी ती वाट सोपी करते. प्रमाण मराठीतले ‘मी जेवतो’ रोजचेही असू शकते आणि आत्ताचेही. वऱ्हाडीतले ‘मी जेवून रायलो’ मात्र आत्ताच्या, चालू असलेल्या क्रियेचेच. ‘आय ईट’ आणि ‘आय अ‍ॅम ईटिंग’ यांतला फरक त्या मुलाच्या जिभेवर आधीच आहे. शिक्षकाने फक्त बोट दाखवायचे आहे. अर्थात प्रत्येक वाक्य असे जुळत नाही. ‘मले भूक लागली’ याचे इंग्रजी शब्दाला शब्द ठेवून होत नाही, तिथे ‘आय अ‍ॅम हंग्री’ असाच साचा घ्यावा लागतो. कुठे जुळते आणि कुठे नाही, हे शेजारी शेजारी ठेवून दाखवणे हाच खरा सराव.

गैरसमज : अलंकार ही कवितेपुरती, परीक्षेपुरती आणि बाहेरून आलेली गोष्ट.

वस्तुस्थिती : भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक हे चार अलंकार नोंदले आहेत. वाशीमचे तर या परंपरेशी थेट नाते आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा संस्थापक सर्वसेन याने चौथ्या शतकात ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचले. ते आज उपलब्ध नाही, पण आनंदवर्धनासारख्या काव्यशास्त्रज्ञाने त्याची दखल घेतली आहे. पुढे राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह लावला, तो विदर्भातल्या वत्सगुल्म नगरातच. त्याच वत्सगुल्माहून दिलेल्या, वाकाटक राजा विंध्यशक्ती (दुसरा) याच्या ताम्रपटात वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा व्यवहार प्राकृतात. दोन भाषा एकाच लेखात आपापले काम करताना या गावाने फार पूर्वी पाहिल्या आहेत.

वर्गात याचा उपयोग साधा आहे. मुलांनी घरातून, शेतातून, बाजार समितीतून दहा वाक्प्रयोग आणावेत आणि फळ्यावर मांडावेत. ‘भाव पडले’ इंग्रजीत जसेच्या तसे जाते : ‘प्रायसेस फेल’. ‘वेळ वाचवला’ही जाते : ‘सेव्ड टाइम’. ‘मुसळधार पाऊस’ जाताना मुसळ मागे राहते आणि उरतो ‘हेवी रेन’. ‘पोटात कावळे ओरडतात’ मात्र जात नाही. इंग्रजीत पोटात पाखरे नसली तरी फुलपाखरे असतात, पण ती भुकेने नव्हे, धास्तीने फडफडतात. म्हणजे परीक्षेच्या सकाळी.