तीन तासांनंतरचे पाय

कोल्हापूर-सांगली भागात गावच्या यात्रेत कुस्तीच्या मैदानाइतकीच सायकल शर्यतही ठरलेली असते. दहा-पंधरा किलोमीटरची शर्यत, पहिल्या तिघांना रोख बक्षीस आणि ढाल. आपल्या वस्त्यांमधली पोरे या शर्यती मारतात. मग कोणीतरी सुचवते, आता मोठ्या शर्यतीत उतर. पोरगा शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या शर्यतीत उतरतो, दोन तास पुढच्या घोळक्यात असतो, आणि मग एखाद्या साध्या चढावर पाय असे जड होतात की घोळका डोळ्यांदेखत निघून जातो.

घरी चर्चा होते ती सायकलची. हलकी सायकल पाहिजे होती, असे सगळ्यांचे मत पडते. बचत गटातून किंवा फायनान्सवर कर्ज काढून लाखाची सायकल आणण्याचा विचार सुरू होतो. आम्ही हा लेख लिहितो आहोत तो मुख्यतः हे कर्ज काढण्याआधी वाचला जावा म्हणून.

आधी हिशेब करू. पोराचे वजन ६० किलो, सायकल १० किलो, मिळून ७० किलो. नवी सायकल दोन किलोने हलकी आली तर एकूण वजन तीन टक्क्यांनी कमी झाले. पंधरा मिनिटांच्या खड्या चढावर त्यातून फार तर पंचवीस-सत्तावीस सेकंद वाचतील, सपाट रस्त्यावर जवळजवळ काहीच नाही. उलट तीन तास सायकल मारून दमलेला स्वार तोच चढ दहा टक्के हळू चढला तर दीड मिनिट जाते. पोरगा हरला तो या दीड मिनिटात, आणि ते दुकानात मिळत नाही.

मुंबई-पुणे सायकल शर्यत आपल्या राज्यात खंड पडत पडत अनेक वर्षे चालत आली. मार्ग थोडाफार बदलला तरी बोरघाट चुकला नाही. मुंबईहून खोपोली साधारण ७० किलोमीटर. खोपोली समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्याही खाली आणि लोणावळा सहाशे मीटरच्या वर. म्हणजे ७० किलोमीटर जोरात मारल्यावर पाचशे मीटरहून जास्त उंची चढायची, आणि तिथून पुण्यापर्यंत आणखी साठ-पासष्ट किलोमीटर राहिलेच. या घाटात पहिला येणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. खोपोलीत गाडीतून उतरून ताज्या पायांनी हा घाट झपाट्याने चढणारे पुष्कळ भेटतील. ७० किलोमीटरनंतर तसाच चढणारा मात्र राजा होतो. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात झालेल्या पुणे ग्रँड टूरमध्ये तर परदेशी स्वारांसह सगळ्यांनी ओळीने काही दिवस मिळून चारशेहून अधिक किलोमीटर कापले. तिथे कालच्या थकव्यावर आजची शर्यत सुरू होते.

शास्त्रज्ञांनी या गुणाचा वेगळा विचार अलीकडे सुरू केला. न्यूझीलंडचे एड मॉन्डर, नॉर्वेत काम करणारे स्टीफन सायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली मांडले की खेळाडूची ताकद ताजेपणी मोजून भागत नाही. लांब कष्टानंतर ती कधी आणि किती घसरते तेही मोजले पाहिजे. त्याला त्यांनी 'ड्युरेबिलिटी' म्हटले. आम्ही चिवटपणा म्हणू. युरोपातल्या व्यावसायिक स्वारांवरच्या अभ्यासांतही हेच दिसले. वरच्या फळीतले आणि त्याखालच्या फळीतले स्वार ताजे असताना जवळपास सारखेच जोर लावतात, काही तासांच्या कामानंतर मात्र दोघांतले अंतर उघडे पडते.

पाय जड का होतात? आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. तो सगळा मिळून साधारण अर्धा किलो, म्हणजे दोन हजार कॅलरींच्या आसपास. जोरात सायकल मारताना तासाला सहाशे ते आठशे कॅलरी जातात. चरबीतूनही काही शक्ती मिळते, आणि बारीक माणसाच्या अंगातही काही किलो चरबी असतेच. पण चरबी चुलीतल्या ओल्या लाकडासारखी सावकाश जळते. वेग वाढला की शरीर साखरच मागते. दोन-अडीच तासांत साठा तळाला जातो, डोळ्यांपुढे अंधारी येते, हात थरथरतात. हे साखर संपल्याचे लक्षण आहे, पोराची हिंमत कमी पडल्याचे नाही.

दुसरे कारण स्नायूंतच असते. उशिरा थकणारे संथ तंतू दमले की शरीर जोरकस पण लवकर थकणारे तंतू कामाला लावते. मग तेवढ्याच वेगाला जास्त प्राणवायू लागतो. त्यात ऊन आणि घाम यांनी रक्तातले पाणी कमी झाले की हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. वेग तोच राहतो, पण धाप वाढत जाते.

आपल्या पोराचा चिवटपणा किती आहे हे मोजायला यंत्र लागत नाही, पन्हाळा पुरतो. एका रविवारी पहाटे वीस-पंचवीस मिनिटे पाय मोकळे करून वाघबीळपासून पन्हाळ्याच्या नाक्यापर्यंत पूर्ण जोराने चढायचे आणि वेळ वहीत लिहायची. पुढच्या रविवारी आधी अडीच तास मध्यम वेगाने सायकल मारून मग तोच चढ. समजा पहिल्यांदा १५ मिनिटे लागली आणि दुसऱ्यांदा साडेसोळा, तर घसरण दहा टक्के. दोन्ही दिवशी जेवण, झोप, सायकल सारखीच हवी. वाऱ्यापावसाच्या दिवशी ही परीक्षा घेऊ नका. दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करा. पहिली वेळ तीच राहून दुसरी कमी होत गेली तरी मोठी कमाई झाली असे समजा.

आता सराव. यात आपली पोरे हमखास उलटे करतात. रोज एक तास जीव तोडून सायकल मारायची आणि घरी येऊन आडवे व्हायचे, यालाच ते मेहनत समजतात. त्याने यात्रेतली शर्यत जिंकता येते. लांब पल्ल्याचे मोठे खेळाडू आपल्या सरावाच्या पाचातल्या चार वेळा सावकाश चालवतात, हे सायलर यांनीच दाखवून दिले आहे. सावकाश म्हणजे शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतके. अशा लांब, शांत सायकलिंगने स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, पेशींत शक्ती तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया नावाच्या भट्ट्या वाढतात, आणि शरीर जास्त वेगालाही चरबी जाळायला शिकते. म्हणजे साखर शेवटच्या तासासाठी शिल्लक राहते. हे आठवड्यात होत नाही, महिने जातात. पावसाळा सरल्यावर सुरुवात करणे बरे.

रविवारची फेरी दोन तासांपासून धरा आणि दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटे वाढवा. दर चौथ्या आठवड्याला वाढवायचे नाही, उलट कमी करायचे. अशा रीतीने काही महिन्यांत चार तासांपर्यंत पोचता येते. बालिंगा, कळे, साळवणमार्गे गगनबावड्याला जाऊन परत आले की साधारण ११० किलोमीटर होतात. हा रस्ता अशा फेरीला चांगला आहे. फक्त गळिताच्या हंगामात पहाटेच्या अंधारात उसाच्या ट्रॉल्या असतात, त्यांना मागे दिवा असेलच असे नाही. स्वतःच्या सायकलला पुढे-मागे दिवा आणि डोक्याला हेल्मेट यात काटकसर करू नका.

दोन महिने लांब फेऱ्या झाल्यावर त्यात एक बदल करायचा. फेरीच्या शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासात पाच ते आठ मिनिटांचे दोन-तीन जोरकस चढ मारायचे. दमलेल्या पायांना जोर लावायला शिकवायचे ते इथे. पण आठवड्यातून एकदाच, आणि दुसऱ्या दिवशी विश्रांती.

कोल्हापूरच्या वाचकांना तालमीची आठवण झाली असेल, आणि ती योग्यच आहे. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. सरावातल्या सायकलपटूंपैकी काहींनी बारा आठवडे नेहमीच्या सरावाला पायांच्या जड वजनाच्या व्यायामाची जोड दिली. नंतर सर्वांनी १८५ मिनिटे सायकल मारली आणि लगेच पाच मिनिटे पूर्ण जोर लावला. वजन उचलणाऱ्यांची या शेवटच्या पाच मिनिटांतली ताकद आधीपेक्षा वाढली होती, नुसते सायकल मारणाऱ्यांची नाही. मात्र पाचशे बैठका काढणे म्हणजे हा व्यायाम नव्हे. खांद्यावर जड वजन घेऊन चार ते दहाच बैठका, मध्ये पुरेशी विश्रांती, आठवड्यातून दोनदा, आणि तेही जाणत्या वस्तादाच्या नजरेखाली. सोळा वर्षांखालच्या मुलांनी आधी बिनवजनाची बैठक नीट शिकावी.

खाण्याचा भाग घरच्यांच्या हातात आहे, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो. चालत्या सायकलवर खायचे असते हेच अनेकांना माहीत नसते. रिकाम्या पोटी सायकल मारली की ताकद येते, असा समज आहे. दीड तासाहून लांब फेरीत तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर किंवा पिष्टमय पदार्थ पोटात जायला हवेत. दुकानात यासाठी परदेशी पुड्या मिळतात, एकेक पुडी दीडदोनशे रुपयांना. आपल्याकडे साखर आणि गूळ आहे. साध्या साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मे-निम्मे असते आणि महागड्या पुड्यांतही बहुतेक हीच जोडी घालतात. अर्धा लिटर पाण्यात चहाचे सहा-सात सपाट चमचे साखर, चिमूटभर मीठ आणि अर्धे लिंबू. ही बाटली साधारण ३० ग्रॅमची झाली. सोबत एक केळे, त्यात वीस-पंचवीस ग्रॅम. तासाभराची सोय झाली. गूळ वापरला तर विरघळवून गाळून घ्या. शेंगदाण्याचा लाडू घरी उत्तम, पण सायकलवर नको. त्यातले तेल पोटात रेंगाळते.

पोटालाही सराव लागतो. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदाच साखरपाणी प्यायला तर मळमळेल. रविवारच्या फेरीत आधी थोडे, मग वाढवत जा. भूक लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी घोटभर आणि घासभर. पाणी किती प्यावे हे वजनावरून कळते. फेरीआधी आणि नंतर वजन करा. ६० किलोच्या मुलाचे वजन सव्वा किलोहून जास्त घटले तर पाणी कमी पडले. वजन वाढले तर पाणी जास्त झाले, आणि तेही धोक्याचे असते.

शर्यतीच्या आदल्या रात्री भात जास्त, तेल कमी. तांबडा रस्सा जिंकल्यावर. फेरीवरून आल्यावर तासाभरात भात-आमटी, दोन अंडी किंवा उसळ-भाकरी. सुकट, अंडी, मटकी, हरभरा हे आपल्या घरातले पदार्थ या कामाला पुरेसे आहेत. जिममधल्या डब्यांवर पैसे घालवू नका. 'ताकदीचे' इंजेक्शन कोणी सुचवले तर त्या माणसाला दारात उभे करू नका. त्यातून खेळावर बंदी येते आणि जिवावरही बेतू शकते.

आपली बरीच पोरे शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत पाळी करतात, काही हमालीला जातात. आठ तास उभे राहणे हासुद्धा थकवाच, शरीर तो वेगळा मोजत नाही. रात्रपाळीनंतर जोराचा सराव ठेवू नये, आधी झोपावे. कामावर सायकलने जाणे-येणे मात्र सावकाश सरावात धरता येते. सकाळी उठल्या उठल्या नाडी नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी जास्त असेल, झोप लागत नसेल, चिडचिड होत असेल, आणि हे आठवडाभर टिकले, तर सराव थांबवा. अशा वेळी घरच्यांनी 'आळशी झालास' म्हणू नये. सायकलवर छातीत दुखले किंवा चक्कर येऊन पडला तर मात्र विश्रांतीवर न भागवता डॉक्टरांकडे न्या.

मुलींबद्दल थोडे वेगळे सांगायला हवे. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या पूजा दानोळे हिने खेलो इंडिया स्पर्धेत सायकलिंगची सुवर्णपदके मिळवल्यापासून वस्त्यांतल्या मुलीही सायकलकडे वळू लागल्या आहेत, याचा आनंद आहे. पण घरात शेवटी जेवणारी, उरलेले खाणारी मुलगी चार तास सायकल मारू शकत नाही. सराव वाढला आणि पाळी लांबली किंवा थांबली, तर 'बरे झाले, त्रास गेला' असे समजू नका. कष्टाच्या मानाने अन्न कमी पडते आहे याची ती खूण असते, आणि त्यात हाडे ठिसूळ होतात. दुसरी गोष्ट रक्ताची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन कमी म्हणजे स्नायूंना प्राणवायू कमी, मग कितीही सराव करा, दुसऱ्या तासालाच पाय जड. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली टाकून देतात. ती जेवणानंतर घ्यावी, त्यानंतर तासभर चहा नको. सराव सुरू करण्याआधी मुलीचे हिमोग्लोबिन सीपीआरमध्ये किंवा जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात तपासून घ्या, आणि १२ च्या खाली आले तर आधी औषध, मग पन्हाळा.