पत्ता घराचा कीं दाराचा?

एखाद्या जुन्या वाड्याला दोन दारें असावींत, एक हमरस्त्यावर व दुसरें मागील बोळांत. आणि दोहोंवर निरनिराळे क्रमांक असावेत. हमरस्त्याच्या क्रमांकाचें पत्र घेऊन टपालवाला बोळाच्या दाराशीं आला, तर घरच्या मंडळींनीं तें घ्यावें कीं परत पाठवावें? वाचकांस हा प्रश्न पोरकट वाटेल. परंतु दोन वाटांनीं जाळ्याशीं जोडलेल्या प्रत्येक संगणकापुढें हाच प्रश्न उभा असतो. आणि त्याचें उत्तर ठाऊक नसल्यामुळें आमच्या घरचीं कागदपत्रें कांहीं महिने उघडीं राहिलीं होतीं.

संगणक ज्या द्वारानें जाळ्याशीं जोडला जातो, त्यास इंटरफेस म्हणतात. तारेचें एक, वाय-फायचें दुसरें. अशा द्वारास कारखान्यांतच ४८ बिटांचा एक क्रमांक मिळतो. तो जणुं चौकटीवर कोरलेला. आयपी पत्ता मात्र वरून लावलेली पाटी होय. चौथ्या आवृत्तींत हा पत्ता ३२ बिटांचा असतो. तो बहुधा राउटर देतो, किंवा आपण हातानें लिहितों. ही पाटी द्वाराशीं बांधण्याचें काम ऑपरेटिंग सिस्टिमचें.

येथें ‘बांधणें’ या शब्दानें भ्रम होतो. लिनक्सचें उदाहरण घेऊं. तारेच्या द्वारास १९२.१६८.२.१ हा पत्ता दिला, कीं लिनक्स आपल्या वहींत दोन नोंदी करतें. पहिली, ‘हा पत्ता आपला आहे.’ दुसरी, ‘या पत्त्याचे शेजारी तारेच्या दारापलीकडे राहतात.’ दुसरी नोंद बाहेर जाणाऱ्या टपालासाठीं आहे. तींत द्वारास महत्त्व आहे. पहिली आंत येणाऱ्या टपालासाठीं. आणि ती पाहतांना पत्र कोणत्या दारानें आलें, याची चौकशी लिनक्स सामान्यतः करीत नाहीं. म्हणजे पाटी दारावर दिसली, तरी पत्ता सर्व घराचा ठरतो. १२७ नें आरंभ होणारे स्वतःशींच बोलण्याचे पत्ते तेवढे अपवाद. त्यांच्या नांवें बाहेरून आलेलें टपाल तें टाकून देतें.

हा लिनक्सचा प्रमाद मानूं नये. ऑक्टोबर १९८९ मध्यें निघालेल्या आरएफसी ११२२ या इंटरनेटच्या नियमपत्रांत दोन्ही पक्ष मांडलेले असून कोणताहि एक सक्तीचा केलेला नाहीं. पत्ता घराचा मानणारा तो ‘दुर्बल’ पक्ष, दाराचा मानणारा तो ‘सबल’. दुर्बल म्हणजे सदोष नव्हे. बंधन सैल, एवढाच अर्थ. एक वाट बंद पडली तरी दुसऱ्या वाटेनें त्याच पत्त्यावर पोंचतां येतें, हा त्याचा गुण. दोन वाटा परस्परांपासून अलग राहतात, हा सबलाचा. विंडोज एक्सपी दुर्बल पक्षाची होती. २००७ सालीं सामान्य ग्राहकांच्या हातीं आलेल्या व्हिस्टापासून विंडोजनें सबल पक्ष स्वीकारला.

आतां आमची हकीकत. वाड्यांतील वाय-फाय आम्ही व भाडेकरू मिळून वापरतों. आमचा लिनक्सचा संगणक त्या वाय-फायवर आहे, आणि तारेनें माडीवरील दुसऱ्या संगणकास जोडलेला आहे. पुतण्यानें फाइलींचें कपाट केवळ तारेच्या पत्त्यावर उघडें ठेवलें. वाय-फायवरून तें कोणास दिसणार नाहीं, या समजुतीनें परवलीचा शब्दहि ठेवला नाहीं. त्या कपाटांत वाटणीपत्राचा मसुदा होता, जो आमच्या धाकट्या बंधूंनींहि अद्यापि पाहिला नव्हता. एके सायंकाळीं भाडेकरूंचा मुलगा, जो अभियांत्रिकी शिकतो, संकोचानें म्हणाला, “आजोबा, तुमचे कागद आमच्या खोलींतून उघडतात.” त्यानें आपल्या संगणकास इतकेंच सांगितलें होतें कीं, १९२.१६८.२.१ कडील टपाल आमच्या वाय-फायच्या दारीं टाकावें. आमच्या संगणकानें तें निमूटपणें घेतलें व उत्तरहि दिलें. मुलगा सज्जन म्हणून निभावलें. बंधूंस मात्र मसुदा आम्हीं त्याच रात्रीं वाचून दाखविला.

असा प्रसंग केवळ आमच्यावरच आला असें नव्हे. डिसेंबर २०१९ मध्यें अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखविलें कीं, एकाच वाय-फायवरील परका मनुष्य याच सैलपणाच्या आधारें दुसऱ्याच्या व्हीपीएनचा आंतील पत्ता शोधूं शकतो, आणि तो मनुष्य अमुक संकेतस्थळाशीं जोडलेला आहे कीं नाहीं, हेंहि ताडूं शकतो.

उपाय अवघड नाहीं. पुतण्यानें फायरवॉल या पहारेकऱ्यास आज्ञा दिली कीं, तारेच्या पत्त्याचें टपाल अन्य द्वारानें आल्यास टाकून द्यावें. आणि कपाटास परवलीचा शब्द लावला. मग त्याच मुलास पुन्हां प्रयत्न करावयास सांगितलें. या वेळीं त्यास कांहींच मिळालें नाहीं. ज्यांच्या घरीं असा दोन दारांचा संगणक आहे, त्यांनीं हा प्रयोग घरच्याच एखाद्या मुलाकडून अवश्य करवून घ्यावा.