शिफारस तुम्हीही करू शकता!

भगिनींनो, या महिन्यात यजमानांचा किंवा तुमचा स्वतःचा पगाराचा कागद हाती आला की जरा नीट पाहा. प्रॉव्हिडंट फंडाच्या आसपास ‘व्यवसाय कर’ म्हणून २०० रुपये कापलेले दिसतील. “हे कसले बाई आणखी?” असे पुटपुटत आपण कागदाची घडी घालून टाकतो, हो ना? महाराष्ट्रात हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या चुलीला लावलेला तो हातभार होता.

या योजनेचे जनक वि. स. पागे. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे ते विधान परिषदेचे सभापती होते. त्यांचे म्हणणे अगदी साधे होते. अंगमेहनतीला तयार असलेल्या माणसाने काम मागितले, तर ते देणे सरकारचे कर्तव्य आहे. भीक नको, दया नको, हक्काचे काम हवे! १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात योजनेचे मोल सगळ्यांना कळले. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पुढे २००५ साली केंद्रानेही त्याच वाटेने देशासाठी कायदा केला.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, या कामांवर बायका मोठ्या संख्येने आल्या. बाईला आणि पुरुषाला एकाच कामाचा एकच दर. कामाच्या जागी प्यायचे पाणी, सावली आणि तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर असावे, हेही नियमात आले. स्वतःच्या घामाचे पैसे पदराला बांधून घरी जाणे म्हणजे काय, हे तुम्हा-आम्हाला वेगळे सांगायला नको.

परवा आमच्या भिशीत मी विचारले, “पागे कोण, माहीत आहे का गं?” सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. पूल बांधणाऱ्याचे नाव पाटीवर लागते. कायद्यासाठी झिजणाऱ्याचे नाव कागदातच राहते.

“मग त्यांना पद्म पुरस्कारासाठी सुचवू या की,” एक जण म्हणाली. पण पागे १९९० साली गेले, आणि पद्म पुरस्कार सहसा मरणोत्तर देत नाहीत. निधन अगदी अलीकडचे असले तरच अपवाद होतो. आपल्याला उशीर झाला, एवढाच त्याचा अर्थ!

म्हणून सांगते, जे आज हयात आहेत त्यांच्या बाबतीत उशीर करू नका. पद्म पुरस्कारासाठी शिफारस करायला मंत्र्यांची ओळख लागत नाही. कोणीही नागरिक गृहमंत्रालयाच्या राष्ट्रीय पुरस्कारांच्या संकेतस्थळावर नाव सुचवू शकतो. मुदत दर वर्षी जाहीर होते, ती आधी पाहून ठेवा. सरकारी नोकरीत असलेली व्यक्ती चालत नाही. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ मात्र चालतात.

खरे काम आहे ते माहिती लिहिण्याचे. मर्यादा ८०० शब्दांची. ‘थोर’, ‘महान’, ‘तपस्वी’ ही विशेषणे मिठासारखी वापरा, चिमूटभरच. आधी काय अडचण होती, या व्यक्तीने किती वर्षे कोणाकडे पाठपुरावा केला, कोणता नियम बदलला आणि त्यामुळे कोणाच्या घरात काय फरक पडला, एवढे क्रमाने लिहा. साल आणि आकडे ताडून घ्या. जुनी कात्रणे, पत्रे, सरकारी निर्णयांच्या प्रती जमवा. मुले संगणकावर भरून देतील. मजकूर मात्र तुमचाच असू द्या.

पुरस्कार मिळेलच असे नाही. मिळाला तरी त्यासोबत पैसे नसतात आणि तो नावाआधी पदवीसारखा लावता येत नाही. पण लिहिण्याच्या निमित्ताने तुम्ही त्या माणसाचे काम मुळापासून समजून घ्याल आणि घरातल्या मुलांना सांगाल.

तुमच्या गावात रेशन, पाणी किंवा पेन्शनसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवणारे कोणी आहे ना? आज दुपारची झाकपाक झाली की एक वही घ्या आणि पहिल्या पानावर त्यांचे नाव लिहा.