स्कॉटिश नावं : लिहिताना एक, म्हणताना दुसरं

जुन्या स्कॉट्स लेखनात ‘योख’ नावाचं अक्षर होतं; उच्चार अनेकदा ‘य’च्या जवळचा. १५०८च्या सुमारास एडिंबरात छपाई सुरू झाली. छापखान्यांत योखचा खिळा नसे, म्हणून तसाच दिसणारा ‘झेड’ जुळवला जाई. स्पेलिंगमध्ये झेड कायम राहिला, लोकांच्या तोंडचा उच्चार मात्र बदलला नाही.

■ मेंझिस : मिंगिस. म्हणूनच ब्रिटिश खासदार सर मेंझिस कॅम्बेल ‘मिंग’ या नावाने ओळखले जात.
■ डालझिएल : डीएल
■ कुलझीन किल्ला : कलेन

योखशी संबंध नसलेली नावंही चकवतात :

■ मिल्नगावी (ग्लासगोजवळ) : मल्गाय
■ कर्ककुडब्राइट : कर्कूब्री. संत कथबर्ट यांच्या चर्चवरून पडलेलं नाव.
■ कोल्कुहून : कहून

अनोळखी नाव स्पेलिंगवरून वाचण्याऐवजी स्थानिकांना विचारावं. ते आनंदाने सांगतात.