एका म्यानात दोन तलवारी? राहतात की!

तुमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये हा सीन असणारच. दोन गार्ड, दोघांचं ड्रिबलिंग कडक, दोघांनाही बॉल हातातच हवा. एक खेळवतो तेव्हा दुसरा कमरेवर हात ठेवून उभा. मग इंटरकॉलेजिएटच्या तोंडावर ठरलेला वाद: दोघांना एकत्र उतरवायचं, की एकाला बेंचवर बसवायचं?

आधी गणित बघा. बॉल एकच आणि शॉट क्लॉक 24 सेकंदांचं. एकाने त्यातले 15 सेकंद ड्रिबल केलं आणि दुसरा नुसता उभा राहिला, तर त्याचा डिफेंडर बिनधास्त मदतीला पळतो. म्हणजे अडचण दोन स्टार असण्याची नाही. बॉल नसलेला स्टार काय करतो, ही आहे.

एनबीएमध्ये 2017 साली ह्यूस्टन रॉकेट्सने जेम्स हार्डनच्या जोडीला ख्रिस पॉल आणला, तेव्हाही ‘बॉल कुणाकडे?’ हाच प्रश्न विचारला गेला. त्या सीझनमध्ये टीमने 82 पैकी 65 मॅच जिंकल्या. गोल्डन स्टेटविरुद्ध 3-2 अशी आघाडी मिळवून देणाऱ्या मॅचमध्येच पॉल जखमी झाला आणि पुढच्या दोन्ही मॅच गेल्या. दुसरा गार्ड किती लागतो, ते तो नसताना कळलं!

पण एवढं लांब कशाला? बालेवाडीला पुणेरी पलटणची मॅच बघितली असेल, तर उत्तर तुमच्यासमोरच होतं. कबड्डीत तर वाटणी अजून कडक. एका वेळी एकच रेडर आणि 30 सेकंद. तरी पलटणकडे नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार, हरियाणाचा मोहित गोयत आणि पंकज मोहिते असे तीन-तीन रेडर होते. प्रो कबड्डीच्या दहाव्या सीझनमध्ये सर्वोत्तम रेडर ठरला दिल्लीचा आशू मलिक. पण 1 मार्च 2024 ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला 28-25 ने हरवून कप उचलला पुण्याने. त्या फायनलमध्ये चमकला पंकज, आणि सीझनचा सर्वात मोलाचा खेळाडू ठरला कॅप्टन अस्लम. कारण रेडवरून परतला की तो साखळीत उभा राहून पकडीलाही हात घालतो.

आता कुणी म्हणेल, कबड्डीत रेडर आऊट होऊन बाहेर बसतो, म्हणून तिथे दुसरा लागतोच. बरोबर. बास्केटबॉलमध्ये तशी सक्ती नाही, दोघंही कोर्टवरच असतात. म्हणून इथे वाटणी आपली आपण करावी लागते.

ती अशी करता येते. मॅच 40 मिनिटांची. दोघांना 28-28 मिनिटं द्या. नीट आखलं तर प्रत्येकाला 12 मिनिटं एकट्याने टीम चालवायला मिळतात, फक्त 16 मिनिटं दोघं एकत्र असतात आणि बॉल हाताळणारा पक्का खेळाडू कोर्टवर नाही असा एक क्षणही येत नाही. त्या 16 मिनिटांसाठी नियम सोपा: ज्याच्याकडे बॉल नाही त्याने कॉर्नरला जाऊन शॉटसाठी तयार राहायचं, कट मारायचा किंवा स्क्रीन लावायची. उभं राहायचं नाही. आणि शेवटच्या दोन मिनिटांत बॉल कुणाकडे, हे मॅचच्या आधीच ठरवायचं. टाइमआऊटमध्ये भांडून नाही.

दोघांपैकी एकालाही बॉलशिवाय खेळायचंच नसेल, तर मात्र ही जोडी जमणार नाही. मग एकाला बेंचवरून आणणंच बरं, आणि त्यात कमीपणा कसला?

तेव्हा पुढच्या प्रॅक्टिसला एक करा. पॉइंट मोजू नका. बॉल हातात नसताना तुमच्या दोन्ही स्टार्सचे पाय किती हलतात, ते मोजा. आणि त्या दोघांपैकी एक तुम्हीच असाल, तर स्वतःपासून सुरुवात करा.