खडकावर चढणारी लहान मोटार

जपानातील शिझुओका शहरी १९४६ साली लाकडाच्या धंद्यातून उगम पावलेल्या तामिया ह्या पेढीने १९७६ साली पोर्शे ९३४ ह्या मोटारीची, विजेवर धावणारी आणि बिनतारी लहरींच्या हुकमतीत राहणारी प्रतिकृती बाजारात आणली, तेव्हा ह्या छंदाचा सारा ओढा वेगाकडे होता. परंतु पाचच वर्षांनी, म्हणजे १९८१ साली, त्याच पेढीने टोयोटा हायलक्स ह्या उघड्या हौद्याच्या गाडीची जी एक-दशांश प्रमाणाची आवृत्ती काढली, तिच्यात धातूची चौकट, खऱ्या गाडीप्रमाणे पाट्यांच्या स्प्रिंगा, चारही चाकांपर्यंत पोचणारी शक्ती आणि हातातल्या ट्रान्समीटरवरून बदलता येणारे तीन गिअर अशी तजवीज होती. आणि मैदानावर वाऱ्यासारखे धावण्यापेक्षा दुर्गम जागी सावकाश पोचणे हेही यंत्राचे एक श्रेष्ठ कर्तव्य असू शकते, हा विचार त्या गाडीबरोबर ह्या छंदात रुजू झाला.

१९८७ सालच्या क्लॉड बस्टर ह्या तामियाच्याच राक्षसी चाकांच्या गाडीत पुढच्या व मागच्या आसावर प्रत्येकी एक स्वतंत्र मोटर बसवलेली होती आणि चारही चाके वळत असत. ती गाडी तिच्या कर्त्यांनी उड्या मारण्यासाठी व करमणुकीसाठी घडवली. परंतु चालू शतकाच्या आरंभी अमेरिकेतील हौशी कारागिरांनी तिचे आस सोडवून घेतले, स्वतः कापलेल्या पत्र्यांची चौकट त्यांवर चढवली आणि ते धूड प्रचंड शिळांवरून चालवून दाखवले. कॅलिफोर्नियातील ॲक्सिअल कंपनीने खास ह्याच कामासाठी रचलेल्या गाड्या त्यानंतर आल्या, आणि टेक्ससमधील ट्रॅक्ससची टीआरएक्स-४ ही गाडी तर २०१७ साली आली. ह्या प्रकारची गाडी प्रथम हौशी लोकांच्या कामाच्या मेजावर, दुसऱ्याच गाडीत केलेल्या फेरफारांतून जन्मली आणि मग कारखान्यात गेली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. कारण सुधारणा करणे हा येथे मागाहून सुचलेला उपद्व्याप नसून तेच ह्या विद्येचे मूळ आहे.

मात्र सुधारणा म्हणजे काय, ह्याविषयी नवख्या माणसाची समजूत पुष्कळदा एकांगी असते. दुबळा भाग काढून त्या जागी बळकट भाग बसवला की गाडी तेवढ्यापुरती सुधारली, असे तो धरून चालतो. वस्तुतः बळ वाढले की भार नाहीसा होत नाही, तो पुढच्या भागाकडे सरकतो, आणि जमेच्या बाजूस केलेल्या प्रत्येक नोंदीसमोर खर्चाची एक नोंद कोठे तरी पडलेली असतेच. ती नोंद कोठे पडली हे शोधून काढण्यात ह्या कारागिरीचा खरा आनंद आहे.

प्रारंभ जुळणीपासून करावा. तयार जुळवलेली गाडी घेण्यापेक्षा सुट्या भागांची पेटी आणावी असे मी आग्रहाने म्हणेन, कारण जी गाडी आपण जोडली नाही ती बिघडल्यावर उघडण्याचे धैर्य होत नाही. पेटीतल्या पिशव्यांवर आणि प्लॅस्टिकच्या भागांच्या चौकटींवर खुणेची अक्षरे असतात आणि सोबतच्या पुस्तिकेत प्रत्येक पायरीचे चित्र असते. तरी दोन गोष्टी पुस्तिका वाचूनही हाताला शिकवाव्या लागतात. पहिली अशी की, जपानी पेटीतील चौफुली खाचेचे स्क्रू जपानी औद्योगिक मानकाप्रमाणे कापलेले असतात आणि आपल्या बाजारात सर्रास मिळणारा फिलिप्स घाटाचा स्क्रूड्रायव्हर त्यांत पुरता न बसता जोर देताच उसळून बाहेर येतो व खाच खराब करतो. म्हणून त्या मानकाचा स्क्रूड्रायव्हर प्रथमच मिळवावा. दुसरी अशी की, प्लॅस्टिकमध्ये जाणारा स्क्रू आपले आटे आपणच कापत जातो, आणि तो एकदा काढून पुन्हा बसवताना सरळ पिळला तर नवे आटे पाडून जुने उद्ध्वस्त करतो. तो आधी हलकेच उलटा फिरवावा. जुन्या आट्यात तो बसल्याची बारीक टिचकी बोटांना जाणवते, आणि मगच सुलटा फिरवावा. धातूत धातूचा स्क्रू जेथे जातो तेथे मात्र हादऱ्यांनी तो सुटू नये म्हणून आटे धरून ठेवणाऱ्या द्रवाचा एक थेंब लावणे अगत्याचे आहे, आणि तोच द्रव प्लॅस्टिकला लागला तर काही जातींचे प्लॅस्टिक तडकते, हेही ध्यानात असावे. स्वस्त पेट्यांत चाकांच्या व गिअरांच्या दांड्या प्लॅस्टिकच्या बुशांत फिरतात. त्या जागी बॉल बेअरिंग घालणे ही सर्वांत पहिली आणि सर्वांत निर्धोक सुधारणा होय.

ह्या गाड्या इतक्या हळू का चालवायच्या, असा प्रश्न पाहणारे नेहमी विचारतात, आणि त्याचे उत्तर आवडीनिवडीत नसून पदार्थविज्ञानात आहे. लांबी एक-दशांश झाली की आकारमान, आणि त्याबरोबर वजन, एक-सहस्रांश होते. म्हणून दोन हजार किलोग्रॅम वजनाची खरी गाडी ह्या प्रमाणात दोन किलोग्रॅमच्या घरात येते. परंतु पृथ्वीचे आकर्षण काही आपल्या सोयीसाठी कमी होत नाही. एक-दशांश उंचीवरून पडायला जो वेळ लागतो तो एक-दशांश नसून दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे सव्वातीनने, भागलेला असतो. आणि त्यामुळे प्रतिकृतीची प्रत्येक हालचाल, तिचे डोलणे, आदळणे, घसरणे, खऱ्या गाडीच्या मानाने उतावळे दिसते. खरी गाडी ताशी सहा किलोमीटरने खडक चढत असेल, तर प्रतिकृतीचा तोल व डौल तसाच दिसावा म्हणून ती ताशी दोन किलोमीटरांहूनही किंचित कमी वेगाने चालली पाहिजे. डोळ्याला जो भारदस्तपणा जाणवतो तो ह्या गणितातून येतो.

तो मंद वेग मिळवायचा कसा? विद्युत्-मोटर स्वभावतः शीघ्रगती असते. समजा, ती मिनिटाला दहा हजार फेरे घेते, तिच्यापासून चाकापर्यंतच्या सगळ्या गिअरांनी मिळून वेग चाळीस पटींनी उतरवला, आणि टायरचा व्यास साडेअकरा सेंटिमीटर आहे; तर चाकाचे मिनिटाला अडीचशे फेरे होतील, प्रत्येक फेऱ्यात सुमारे छत्तीस सेंटिमीटर अंतर तुटेल आणि गाडीचा अधिकाधिक वेग ताशी साडेपाच किलोमीटरांच्या आत राहील. ह्याखेरीज मोटरच निवडून घेता येते. ५४० ह्या नावाने ओळखली जाणारी, सुमारे ३६ मिलिमीटर व्यासाची नित्याची मोटर तारेच्या साधारण २७ वेटोळ्यांची असते; खडक चढणाऱ्या गाडीत ३५, ४५ किंवा ५५ वेटोळ्यांची घालतात. वेटोळी वाढली की तेवढ्याच विजेवर फेरे कमी होतात, पण घेतलेल्या प्रवाहाच्या मानाने पीळ वाढतो आणि पायरीपायरीने चढताना गाडी धक्के देत नाही. मोटरच्या दांडीवरचा छोटा गिअर आणि त्याला लागणारा मोठा गिअर ह्यांच्यामध्ये कागदाची एक पट्टी धरून त्यांतले अंतर जुळवण्याची जुनी रीत आहे: पट्टी फाटता कामा नये, परंतु तिच्यावर दातांची घडी स्पष्ट उमटली पाहिजे. उतारावर गाडी आपोआप थांबावी ह्यासाठी वेगनियंत्रकात जी ब्रेकची योजना असते, ती बोट सोडताच मोटरच्या दोन्ही टोकांचा परस्परांशी संयोग करते, आणि त्यामुळे फिरू पाहणारी मोटर स्वतःच वीज निर्माण करून स्वतःच्या फिरण्याला विरोध करते.

आता आसांकडे वळू. रस्त्यावरच्या गाडीत वळणावर आतले व बाहेरचे चाक निरनिराळ्या वेगाने फिरावे म्हणून डिफरन्शिअल असते. परंतु त्याच गुणामुळे एक चाक हवेत उचलले गेले की जमिनीवर टेकलेल्या चाकालाही पीळ मिळेनासा होतो. खडकावर हे घातक असल्यामुळे दोन्ही चाके एकमेकांशी कायमची जखडून टाकतात. हौशी लोक डिफरन्शिअलच्या पोटात इपॉक्सीची लुगदी भरूनही हे काम भागवतात. त्याची किंमत वळणावर चुकवावी लागते: गाडीला वळायला अधिक जागा लागते, आतले चाक घासत जाते आणि चाकापर्यंतच्या बारीक दांड्यांवर पिळाचा भार वाढतो. टीआरएक्स-४मध्ये हे कुलूप ट्रान्समीटरवरूनच लावता व काढता येते, म्हणून ती रचना मला विशेष चतुर वाटते. तिचे आसही मर्सिडीजच्या उनिमोग गाडीच्या धर्तीचे, म्हणजे चाकाच्या केंद्राहून उंच असलेले आणि चाकापाशी दोन गिअरांनी खाली उतरणारे आहेत; त्यामुळे आसाखाली दगड जायला अवकाश मिळतो आणि शेवटचा वेग-उतार चाकापाशीच होत असल्याने मधल्या दांड्यांवर पीळ कमी येतो, मात्र गाडी उंच होते.

भार पुढे सरकतो असे मी वर म्हटले, त्याचा सर्वांत बोधप्रद दाखला सुकाणूत सापडतो. दोन दगडांच्या फटीत चाक अडकले की चाके वळवणारी साधी सर्वो मोटर ते वळवू शकत नाही, म्हणून हौशी मनुष्य तिच्या जागी कित्येक पट अधिक ताकदीची सर्वो आणतो. चाक वळू लागते खरे, पण दुसऱ्याच दिवशी प्लॅस्टिकच्या बाहूतले बारीक दाते झिजून जातात. ॲल्युमिनियमचा बाहू घातला की सुकाणूचा लांब दांडा वाकतो. दांडा पोलादी केला की सर्वो ज्या कंसावर बसवली आहे तो कंस लवतो. आणि कंसही धातूचा केला की मग अकस्मात सगळी गाडीच क्षणभर निष्प्राण होते. हा शेवटचा प्रकार नवख्याला बुचकळ्यात टाकतो, कारण त्यात काहीच मोडलेले दिसत नाही. घडते ते असे की, अडकलेली बलाढ्य सर्वो एकदम इतका विद्युत्-प्रवाह ओढते की वेगनियंत्रकातून रिसीव्हरला जो पाच-सहा व्होल्टचा पुरवठा होतो तो कोसळतो, रिसीव्हर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि तेवढा वेळ गाडी कोणाचाच हुकूम मानत नाही. उपाय म्हणजे सर्वोसाठी स्वतंत्र पुरवठ्याचा बंदोबस्त करणे. पूर्वी सर्वोच्या बाहूत मुद्दाम एक लवचीक जोड ठेवीत, जो धक्का स्वतः सोसून दाते वाचवी. खडकावरच्या गाडीत तो काढून टाकण्याचा प्रघात आहे, कारण त्यामुळे सुकाणू ढिले पडते. माझ्या मते नवख्याने साधी सर्वो आणि तो लवचीक जोड हे दोन्ही काही काळ ठेवावेत आणि आपली गाडी नेमकी कोठे हरते ते आधी पाहावे.

टायरांविषयी लोक फार खर्च करतात आणि तो बहुधा योग्यच असतो, कारण जमिनीशी गाडीचा व्यवहार तेवढ्याच चार ठिकाणी होतो. ह्या टायरांत हवा भरीत नाहीत. आत फोमचे कडे असते आणि आतली हवा बाहेर पडून टायर दगडाच्या कंगोऱ्यावर पसरावा म्हणून त्याला किंवा रिमला छिद्र पाडलेले असते. फोम फार मऊ असेल तर आडव्या उतारावर टायर दुमडून गाडी कलंडते, फार कठीण असेल तर टायर दगडाला कवटाळीत नाही. सह्याद्रीतल्या कोरड्या काळ्या पाषाणावर मऊ रबर उत्तम पकड घेते. पावसाळ्यात त्याच पाषाणावर शेवाळ धरले की रबराची जात गौण ठरते आणि खोल दातांचा टायर उपयोगी पडतो.

बॅटरीच्या बाबतीत हयगय नको. लिथियम-पॉलिमर बॅटरीच्या प्रत्येक घटाचे व्होल्टेज पूर्ण भरल्यावर ४.२ असते, ते सुमारे ३.२च्या खाली जाऊ देऊ नये, आणि पुष्कळ दिवस ठेवायची असेल तर ३.८च्या आसपास ठेवावी. घट समतोल भरणारा चार्जरच वापरावा आणि बॅटरी भरत असताना घर सोडून जाऊ नये. लहरींची चिंता मात्र आता उरलेली नाही. पूर्वी २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात दोघांचे स्फटिक एकाच कंपनसंख्येचे निघाले तर एकाची गाडी दुसऱ्याच्या हुकमाने चाले. आजचे संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि प्रत्येक रिसीव्हर आपल्याच ट्रान्समीटरशी जोडलेला राहतो.

राहिला तो वरचा साज. पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे कवच आतून रंगवतात आणि जो रंग प्रथम दिला तोच बाहेरून वर दिसतो, म्हणून बारीक रेषा आधी आणि पार्श्वभूमी शेवटी, असा चित्रकाराच्या सवयीच्या उलट क्रम पाळावा लागतो. टणक एबीएस प्लॅस्टिकचे कवच बाहेरून रंगवतात. ते खऱ्या गाडीसारखे अधिक दिसते, पण जड असते आणि ते वजन नेमके नको तेथे, म्हणजे उंचावर, असते. चाकांमधले आडवे अंतर वीस सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून नऊ सेंटिमीटर उंच धरला, तर स्प्रिंगांचे दबणे सोडून देता गाडी साधारण अठ्ठेचाळीस अंशांच्या कलापर्यंत उभी राहील. आसांवर व चाकांत पितळी वजने घालून गुरुत्वमध्य एक सेंटिमीटर खाली आणला तर ती मर्यादा एक्कावन्न अंशांवर जाते, आणि टपावर सामानाचे जाळे, डबे, जादा चाक असा थाट करून तो एक सेंटिमीटर वर नेला तर पंचेचाळिसावर येते. पितळ घालताना ते पुढच्या आसावर अधिक घालावे, कारण चढणीवर वजन मागे सरकते आणि पुढची चाके प्रथम हलकी होतात. टपावरचे जाळे ज्याला हवेच असेल त्याने ते पातळ ॲल्युमिनियमचे करावे, त्यावरचे पाण्याचे व इंधनाचे डबे आतून पोकळ ठेवावेत, आणि जादा चाक मागच्या हौद्यात खालच्या बाजूस आडवे टाकावे.